लागलं

समुद्र मी अजून पाहिला न्हाई. टीव्हीवर पाहिला तेवढाच. त्याच्या काठानं लोक फिरतात, शंखशिंपले वेचतात म्हणे. आमच्याकडं काठ आहे तो धरणाचा, नि त्या काठाला शंख लागत न्हाईत, चपला लागतात. एकेकट्या. जोडी कधीच न्हाई. चपलांच्या संगतीनं गणपतीच्या मखराचं थर्माकोल, निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या, दारूच्या बाटल्या, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फाटके फ्लेक्स. पूर्णा नदी वरून जे जे घेऊन येते ते समदं वारा ढकलत ढकलत एका खोबणीत आणून टाकतो, नि नेमकी त्याच खोबणीत मरळ राहते. मरळ म्हणजे आमच्या पाण्यातला दांडगा मासा, सापाच्या तोंडाचा. त्याला असा आडोसा आवडतो. म्हणून ज्याला मरळ धरायची त्यानं कचऱ्यात उभं राहायचं, असा तिथला कायदा.

माझ्या नवऱ्याला मरळच धरायची होती.

हे कचेरीत कारकून होते. बरीच वर्षं कनेरगाव नाक्याकडं नोकरी होती, तवा तिथल्या ढाब्यावर मासे खायची सवय लागली. ह्यांना वाटायचं, मला माहीत न्हाई. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं माहेर देवळाच्या सेवेतलं. लहानपणापासून हार ओवणं नि गाभारा धुणं ह्यातच आमी वाढलो. कांदा कापला तरी आमची आई खिडकी उघडायची. अशा बाईच्या नाकापासून तळलेला मासा लपतो व्हय? पण घरात आणत न्हाईत ना, मग असू दे, म्हणून मी गप होते.

रिटायर झाल्यावर आमी गावाकडच्या घरी राहायला आलो. स्कूटीवर धरण लांब न्हाई. मुलगा पुण्याला. समदं बराबर चाललं होतं, तर ह्यांना जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या, मोठ्या शहरात नेलं, नि कळलं की काळजाची एक झडप खराब झाली. छाती उघडून नवीन झडप बसवली, कारखान्यात बनलेली.

ती झडप वाजते. मी काही वाढवून सांगत न्हाई. टिक टिक, टिक टिक, भिंतीवरच्या घड्याळासारखी. घर शांत असलं की शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू येते. पहिल्या पहिल्यांदा मला विचित्र वाटलं, मग मला तिचा लई आधार वाटायला लागला. स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन ह्यांच्याजवळ दोन मिनिटं नुसती बसायची मी. वाजून राहिली म्हणजे चालू आहे. चालू आहे म्हणजे हे आहेत. मग परत कुकर लावायला जायची.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर चालणार, ती एक दिवस चुकवायची न्हाई. पुढचं वाक्य ते सावकाश बोलले, माझ्या डोळ्यांकडं बघत.

"ह्यांना लागू देऊ नका. लागलं, तर रक्त लवकर थांबणार नाही."

झालं. त्या दिवसापासून माझ्या घरात भीती राहायला आली, पाहुण्यासारखी न्हाई, सासूसारखी. सगळ्यात आधी तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. विळी फडताळावर गेली. दाढीचं ब्लेड गेलं, मशीन आलं. पलंगाच्या कोपऱ्याला मी जुनी साडी गुंडाळली. नखं मीच काढायची, तीही श्वास रोखून. शेजारचं मांजर ह्यांनी कडेवर घेतलं तरी मला त्याची नखंच दिसायची. मी हाडहुड करून त्याला हाकलायची नि शेजारीण माझ्यावर फुगायची. हे हसायचे. म्हणायचे, मला कापसात गुंडाळून माळ्यावर ठेव. मी म्हणायची, माळ्यावर उंदीर आहेत, चावतील.

अशात मुलानं काय करावं? बापाचं मन रमावं म्हणून पुण्याहून गळाची काठी पाठवली. चांगली रीळवाली, चकचकीत. सोबत डबी, डबीत गळ. एकेक गळ असा टोकदार की नुसता बघूनच मला कापल्यासारखं झालं. मी फोनवर मुलाला असं झाडलं की त्याची बायको मधे पडली. अरे बाबा, ज्याला टाचणी टोचू द्यायची न्हाई त्याच्या हातात गळ देऊन राहिला तू? पण ह्यांचा चेहरा बघितला नि मी थांबले. ऑपरेशन झाल्यापासून ह्या माणसानं कोणत्याच गोष्टीकडं असं बघितलं नव्हतं.

मग तोडगा निघाला. हे काठी धरणार, नि गळाला हात मी लावणार. भांडी घासायचे रबरी मोजे घालून मी कोंबडीच्या आतड्याचे तुकडे गळाला ओवायला लागले. ज्या हातांनी देवाला जाई-जुई ओवली त्या हातांनी. पहिल्या दिवशी मला दोनदा ओकारी आली. मासा लागला की त्याच्या तोंडातून गळ काढायचा तोही मीच. काढून पाटीत टाकायचा, नि जाताना गुराखी बायांना देऊन टाकायचा. घरी एक खवलासुद्धा न्यायचा न्हाई, हा माझा कायदा.

त्यामुळं मी जवळपास असणं भाग होतं. मासा गळाला लागला की हे ओरडायचे, "लागलं!"

पहिल्या वेळी हा शब्द ऐकून मला वाटलं, ह्यांनाच लागलं. मी काट्याकुट्यातून धावत गेले तर हे दात काढून उभे, काठी वाकलेली. मी तिथंच सुनावलं, दुसरा काही शब्द न्हाई का तुमच्याजवळ? मरळ आली म्हणा, मासा आला म्हणा. म्हणले, बरं. पण मासा ओढायला लागला की माणसाच्या तोंडातून जे येतं ते येतंच. पुन्हा "लागलं!" नि पुन्हा मी धावत. असं होता होता मला सवय झाली. भीतीलासुद्धा सवय होते, त्याचंच मला आता भ्या वाटतं. ह्यांनी मला अजून एक शिकवलं होतं: मासा लागला की लगेच ओढायचा न्हाई, त्याला दमू द्यायचं, घाईघाईनं यायचं काही काम न्हाई. म्हणून "लागलं" ऐकलं की मी हातातलं काम संपवून, मोजे चढवून, सावकाश उतरायची.

काम म्हणजे कचरा. मला रिकामं बसता येत न्हाई. खताचं रिकामं पोतं घेऊन मी काठावरचं वेचत बसायची. कोणासाठी म्हणून न्हाई, नजरेला खुपतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर त्या बाटल्यांचं मला भ्या होतं. फुटकी काच दिसली की आधी ती उचलायची मी. पण सगळ्यात वाईट ते तंगुसाचं जाळं. तंगूस म्हणजे तो नायलॉनचा पारदर्शक दोरा. जाळं फाटलं की लोक तिथंच टाकून देतात. ते पाण्यात दिसत न्हाई, गाळात दिसत न्हाई, कुजत न्हाई. एकदा त्यात अडकून वाळलेला बगळा मला सापडला होता. मी तो ह्यांना दाखवला न्हाई.

दिवाळी झाली की पाणी उतरायला लागतं नि काठ उघडा पडतो. तेच मरळीच्या गळाचे सुरवातीचे दिवस. त्या सकाळी आमी गेलो तर पाणी चांगलंच मागं सरकलेलं. खोबणीतला सगळा कचरा गाळावर बसलेला, थर्माकोल, चपला, बाटल्या, नि त्याच्या पलीकडं पाणी. गाळावर वरून पापडी धरली होती, भेगा पडलेली, वाळल्यासारखी. मी म्हणलं, तिकडं जाऊ नका, ते वरून वाळलेलं दिसतंय, आत काय आहे ते देवाला माहीत. हे म्हणले, तिथून गळ पाण्यात पोचत न्हाई, दगडादगडानं जातो. पायात रबरी चप्पल. बूट घाला म्हणलं होतं, घातले न्हाईत. आमची जरा चकमक झाली. शेवटी हे दगडादगडानं गेलेच, नि मी चिडून पाठ फिरवून एका फ्लेक्सच्या मागं लागले. मोठा थोरला फ्लेक्स, कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, अर्धा गाळात रुतलेला. त्याला उपसायचाच म्हणून मी ओढून राहिले.

"लागलं!"

मी म्हणलं, आले. दमू द्या त्याला.

"लागलं गं!"

ऐकलं, ऐकलं, म्हणलं. फ्लेक्स अर्धा निघाला होता. त्याला सोडलं असतं तर परत रुतला असता. वारा माझ्याकडून त्यांच्याकडं वाहत होता, त्यामुळं ह्यांचा आवाज मला लांबून, पातळ येत होता. तिसऱ्यांदा हे ओरडले तेव्हा त्या आवाजात हसू नव्हतं. मासा धरलेला माणूस असा ओरडत न्हाई. मी मान वळवली.

काठी पाण्यावर आडवी पडली होती. हे उभे नव्हते. दगड संपले त्याच्या पुढं, कमरेइतक्या गाळात, बसल्यासारखे दिसत होते, नि दोन्ही हात वर धरले होते. बाजूचं पाणी तांबडं होत होतं.

पळाले मी. तिसऱ्या-चौथ्या पावलाला पापडी फुटली नि माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. गार, घट्ट, आतून कोणी धरावं असा. कसा उपसला ते माझं मला माहीत. हे तिकडून ओरडून सांगू लागले, येऊ नको, तूही अडकशील. मग तुटक तुटक समजलं. दगडावरून पाय घसरला, गाळात गेला, खाली फुटकी बाटली होती, टाच कापली. पाय काढायला गेले तर जाळं. जितकं ओढावं तितकं ते घोट्याला आवळत होतं.

मी आरडाओरडा केला. वर शेतात कोणाची तरी मोटार चालू होती, तिच्या आवाजापुढं माझा आवाज कुठं पोचतो. मोबाईल काढला, तर तिथं रेंजची काडी येते नि जाते, त्या वेळी गेलेली. नि तेवढ्यात माझ्या नजरेला एक गोष्ट पडली. मघाशी गाळावर बसलेले थर्माकोलचे तुकडे हलून राहिले होते. एक तरंगायला लागला. मग त्याच्या अलीकडची चप्पल. कालव्याला रब्बीच्या पाण्याची पाळी सुटायची असली की वरच्या धरणातून आमच्या धरणात पाणी घेतात. पाणी चढून राहिलं होतं, सावकाश, आवाज न करता, नि आमी धरणाच्या शेपटाला, जिथं ते आधी येतं.

एका बाजूनं ह्यांच्या अंगातलं रक्त बाहेर येत होतं, दुसऱ्या बाजूनं पाणी अंगावर येत होतं, नि मी मधे मोकळे हात घेऊन उभी. देवाचं नावसुद्धा आठवेना. देवळात जन्म गेला नि एक नाव आठवेना.

आठवलं ते फ्लेक्सचं. त्याला मी असा हिसडा दिला की तो उरलेला निघाला. ओढत नेऊन गाळावर आडवा अंथरला, पुढाऱ्याचं हसरं तोंड वर. त्यावर पालथी पडले नि सरपटत निघाले, पोटावर, साठीची बाई. फ्लेक्स खाली दबत होता, दोन्ही बाजूनं चिखल वर येत होता, पण बुडत नव्हता. मला पोहता येत न्हाई. हे मी तेव्हा विसरले असते तर बरं झालं असतं, पण मी विसरले न्हाई, सगळा वेळ मला ते आठवत होतं.

ह्यांच्याजवळ पोचले तेव्हा पाणी ह्यांच्या बरगडीला आलं होतं. तोंड पांढरं. माझं डोकं ह्यांच्या छातीशी टेकलं नि वाऱ्यातसुद्धा मला टिकटिक ऐकू आली. पळत होती ती. एवढी जोरात पळताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

हे एकदम शांत आवाजात बोलले. "तू माघारी जा. पोराला एक जण तरी राहू दे."

मी म्हणलं, "गप बसा. पाय हलवू नका."

मला सुपारीची सवय. कमरेच्या पिशवीत अडकित्ता असतोच. तो काढला नि हात पाण्याखालच्या गाळात घातला. गढूळ पाणी, दिसायचं काही नाव न्हाई. बोटांनी चाचपत पाय धरला, घोट्याला बारीक बारीक तारा करकचून बसलेल्या. तारेखाली बोट घालायचं, बोटाच्या अंगानं अडकित्ता सरकवायचा, नि मगच दाबायचा. तार कुठली नि कातडी कुठली ते कळत नव्हतं. हे आधीच एवढं वाहून राहिलेलं, त्यात माझ्याच हातून अजून एक जखम झाली तर? गारठलेल्या बोटांतून एकदा अडकित्ता सुटला. तो मला परत सापडला, एवढीच त्या दिवशीची देवाची कृपा समजते. एक तार तुटली, दुसरी तुटली. दोनदा मी माझं बोट चिमटलं. लागलं, पण ते माझं होतं. पाणी माझ्या हनुवटीशी यायला लागलं तेव्हा शेवटचा वेढा सुटला.

ओढलं. मागं सरकायचं, ओढायचं, पुन्हा सरकायचं. हे छातीवर पडून कोपरानं पुढं येत होते. ती छाती, जी उघडून शिवलेली, तिच्यावर. दगडावर आलो तशी मी पदर फाडला नि टाच दाबून धरली. एवढी मोठी चीर होती की मी बघितली न्हाई, नुसती दाबली. पदर भिजला. पदराचा दुसरा तुकडा दाबला, तोही भिजला. थांबतच नव्हतं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते.

रस्त्यापर्यंत कसे गेलो ते मला सांगता येणार न्हाई. दुधाची पिकअप थांबली, त्या माणसानं काही न विचारता ह्यांना उचलून वर घेतलं. कॅनच्या मधे ह्यांचा पाय मांडीवर घेऊन मी बसले, नि हिंगोलीपर्यंत हात काढला न्हाई. दवाखान्यात माझी बोटं उघडेनात. नर्सबाईंनी एकेक करून सोडवली.

टाके पडले, इंजेक्शनं झाली. मला वाटलं सुटलो. पण खरी तकलीफ पुढंच होती. जखम थांबावी म्हणून रक्त पातळ करायची गोळी बंद केली. नि डॉक्टर म्हणले, फार दिवस बंद ठेवता यायची न्हाई, रक्त घट्ट झालं की झडपेवर गुठळी धरते. म्हणजे पातळ ठेवावं तर जीव टाचेतून जातो, नि घट्ट होऊ द्यावं तर छातीत अडकतो. हा कसला न्याय? मी त्या वॉर्डात स्टुलावर बसून कान लावून असायची. टिकटिक जरा चुकल्यासारखी वाटली की उठून नर्सबाईंना बोलावून आणायची. त्या कंटाळल्या माझ्यावर. कंटाळू दे. मी डोळे मिटले तरी कान मिटले न्हाईत.

हे घरी आले. जखम भरली, गोळी परत सुरू झाली. मुलानं फोनवर सांगून टाकलं की ती काठी मोडून फेकून दे. मी मोडली न्हाई, माळ्यावर टाकली. ह्यांनी एका शब्दानं विचारलं न्हाई. मला वाटलं, बरं झालं, भ्याले. भ्यायलाच पाहिजे माणसानं. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांत जेवले.

पण हे टीव्हीसमोर बसायला लागले. सकाळी लावला की दिवसभर. बातम्या, कुस्त्या, साबण-शाम्पूच्या जाहिराती, काहीही. नि आवाज असा मोठा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू जावा. मी कमी करायची, हे वाढवायचे. मी पुन्हा कमी करायची. जेवताना टीव्ही, औषध घेताना टीव्ही. दुपारी आडवे झाले तरी चालू, नि बंद केला की डोळे उघडे. वाळत चालले होते. मला माझी टिकटिक ऐकू येईना त्या गोंगाटात, म्हणून माझाही जीव टांगणीला. एक दिवस डोक्यात तिडीक गेली. मी रिमोट हिसकावून घेतला, टीव्ही बंद केला नि म्हणलं, बहिरे झालात काय तुमी?

घर एकदम शांत झालं. टिक टिक, टिक टिक. मला हायसं वाटलं. हे मात्र छातीवर हात ठेवून बसले, नि त्यांची नजर मी कधी बघितली नव्हती अशी झाली. गाळात होते तेव्हासुद्धा अशी नव्हती.

"हेच ऐकू येतं म्हणून लावतो," हे म्हणले. "दर ठोक्याला वाटतं, आता पुढचा येतो का न्हाई. धरणावर वाऱ्यात ऐकू येत न्हाई. तेवढाच वेळ मी जिता असतो."

ज्या आवाजावर मी जगत होते, त्या आवाजानं हा माणूस रोज मरत होता. एकाच पलंगावर, एकाच टिकटिकीखाली, मी निवांत झोपायची नि हे जागे. इतके दिवस मला वाटत होतं, मी ह्यांना सांभाळते.

मुलाला मी सांगितलं न्हाई. तो न्हाईच म्हणला असता, नि बराबरच म्हणला असता. माझंही मन न्हाईच म्हणत होतं. तरी काठी मी माळ्यावरून काढली. ती दारात उभी केली नि ह्यांना म्हणलं, चला.

हे बघतच राहिले. म्हणले, तुला भीती न्हाई वाटत?

वाटते, म्हणलं. चला.

आता आमी खोबणीकडं जात न्हाई. पलीकडच्या खडकाळ अंगाला बसतो, तिथं गाळ न्हाई, तशी मरळही फार न्हाई. हे गमबूट घालतात. आधी मी पाण्याकाठची काच, जाळं वेचून घेते, मगच ह्यांना उतरू देते. नि ह्यांच्या कमरेला, स्वेटरवरून, मी दावं बांधते. बैलाचं चांगलं जाड दावं. दुसरं टोक माझ्या मनगटाला. पहिल्या दिवशी हे लाजले, हे काय जनावर का मी, म्हणले. पण बांधू दिलं.

लोक हसतात. परवा एक म्हशीवाली बाई थांबली, तोंडाला पदर लावून म्हणाली, "काहून बांधलं हो मालकांना?"

"सुटून जातात," म्हणलं मी.

तिथं वारा लई असतो. ह्यांची टिकटिक ह्यांना ऐकू येत न्हाई, तशी मलाही येत न्हाई. हे पाठमोरे उभे असतात, हलत न्हाईत, नि माझ्या मनात नको नको ते येतं. मग मी दावं जरा ओढते. थोडा वेळ काहीच होत न्हाई. मग हे तिकडून ओढतात.